दाराखालचा सायलेन्सर

चोपडा,
५ ऑक्टोबर १९९७

चि. हेमराज,

अनेक आशीर्वाद. यंदाही दिवाळीला येणार नाहीस असं शोभाने कळवलं. गाडीत पाय ठेवायला जागा नसते हे मला पटतं, पण दर वर्षी तेच ऐकते. तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानावर फोन केला तर तू कधी येत नाहीस, शोभाच येते. म्हणून पत्र.

काम असं आहे. ललितने सरकारी लिलावातून जिप्सी घेतली हे तुला माहीत आहे. आता आरोग्य केंद्राने ती भाड्याने लावली आहे. रविवार सोडून रोज वर सातपुड्यातल्या पाड्यांवर जाते. पुढे ललित आणि डॉक्टरसाहेब, मागे लसीच्या पेट्या सांभाळत आपली हर्षदा. मुलगा ड्रायव्हर आणि सून नर्स, दोघं एकाच गाडीत कामाला जातात. लोकांना मजा वाटते, मला बरं वाटतं.

वरचा रस्ता म्हणजे नाल्यातले गोटे. गाडीखालचा सायलेन्सर त्यांच्यावर आपटून सारखा तुटतो. मागच्या वेळी नाल्यातच गळून पडला आणि गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडत गावात आली. इंजिनाला लागून जो ओतीव लोखंडाचा तुकडा असतो त्यालाही तडा गेला आहे. ललित म्हणतो, मामा सुरतेत हिरेवाल्यांच्या गाड्यांना दाराखालून बाजूला निघणारा सायलेन्सर बसवतो, तसा आपल्याला चालेल, दगडाला लागणार नाही. होतं का तसं?

हर्षदा बरी आहे. लग्नाला चार वर्षं होतील. मी तिला काही विचारत नाही, बाकीचे विचारतात.

तुझी,
सरलाताई


सुरत,
१६ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस हेमराजचा नमस्कार.

होतं. गाडी उंच असली की चांगलंच होतं. इकडे कतारगामची पोरं जिप्सी घेऊन येतात, त्यांना सायलेन्सर नको, आवाज पाहिजे. "अवाज जोईए, हेमराजभाई," एवढंच सांगतात. ललितच्या गाडीला आवाज नको, उंची पाहिजे. ते काम मला जास्त आवडेल.

तडा गेलेला तुकडा काढून टाकू. त्याच्या जागी चार वेगळे पाइप, इंजिनाच्या प्रत्येक भोकाला एक. ते खाली येऊन एकात मिळतात. इथे त्याला हेडर म्हणतात. पुढे लहान सायलेन्सर, आणि तो चेसिसच्या बाहेरून, डाव्या दाराखालून जाऊन मागच्या चाकाच्या अलीकडे संपेल. जमिनीपासून चांगला वर राहील.

आमचं उधन्याचं गॅरेज दिवाळीत लाभपाचमीपर्यंत बंद असतं. कारागीर गावी जातात. कांतीशेठ किल्ली माझ्याकडे देतात, कारण मी कुठे जात नाही. ललितला तेव्हाच पाठव. गॅरेजात कोणी नसलं की काम चांगलं होतं. पैशांचं बोलू नको, भाऊबीज समज.

फोनचं म्हणशील तर त्या दुकानाची लाइनच खराब आहे. काही समजत नाही.

हेमराज


सुरत,
४ नोव्हेंबर १९९७

ती. ताई,

ललितच्या हाती हे पत्र देतो आहे. गाडी झाली.

पाइप वाकवताना आत वाळू ठासून भरली आणि मग तापवला, म्हणजे वळणावर चेपत नाही. चारही पाइप जाड घेतले. इंजिनाला लागणारी प्लेट नवीन कापली. खाली चार पाइप एकात येतात तो जोड सगळ्यात अवघड असतो, तोही घरचाच केला. गाडीत चढताना हर्षदाची साडी किंवा पोटरी पाइपला लागू नये म्हणून वरून भोकाभोकाच्या पत्र्याचं झाकण लावलं आहे. ते काढू देऊ नको.

मागच्या बाजूचा तळाचा पत्रा गंजून गेला आहे. वेळ नव्हता म्हणून ललितने सध्या रबरी मॅट टाकली. पुढे बघू.

गाडी चालू करून सगळे जोड कान देऊन तपासले. कुठे काही नाही. थोडे दिवस चालली की बोल्ट एकदा आवळून घ्यायला सांग.

ललित तुला सांगेल, मामा कामात असला की बोलत नाही. त्याने दोन-तीनदा काही विचारलं, मी पाइपात होतो. रागावला असेल तर समजूत काढ.

हेमराज


चोपडा,
२१ डिसेंबर १९९७

चि. हेमराज,

तुझ्या हातांना यश आहे. गाडी नाल्यातून जाते तेव्हा दगड खालून नुसते बघत राहतात, असं ललित म्हणतो. महिना उलटून गेला, सायलेन्सर जागेवर आहे. आवाज थोडा आहे, चालू करताना टकटक करते, पण नवीन काम आहे, बसेल जागेवर.

आता दुसरी गोष्ट. शोभाला सांग, पण तिसऱ्या माणसाला नको. हर्षदाला उलट्या होतात. डोकं धरून घरी येते आणि तशीच पडून राहते. जेवण बघवत नाही. चक्कर येते म्हणते. रविवारी घरी असली की जरा बरी असते, कारण विश्रांती मिळते. सोमवारी गाडीत बसली की पुन्हा तेच. मी चार पोरांच्या वेळी हे सगळं पाहिलेलं आहे, मला कोणी सांगायला नको. ती म्हणते, "आत्या, अजून काही नक्की नाही, तपासू द्या." स्वतः नर्स आहे, आणि तपासायला घाबरते. चार वर्षांनी कोण घाबरणार नाही.

मी शेजारच्या दोघी-तिघींना नुसतं सुचवलं आहे. राहवलं नाही.

सरलाताई


सुरत,
२ जानेवारी १९९८

ती. ताईस नमस्कार.

पत्र वाचून शोभाने देवापुढे साखर ठेवली. मी गॅरेजात कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी काम हलकं वाटलं.

आता गाडीचं मी सांगतो ते ललितला ऐकायला लाव. नाल्यात गाडी पहिल्या गियरमध्ये, हळू. मागच्या सीटवर गादी टाका, बाकडं फार कडक आहे. आणि थंडीचे दिवस आहेत, मागचे कापडी पडदे सोडून बटणं नीट लावत जा. वारा आणि धूळ आत यायला नको. तिला या दिवसांत सर्दी-खोकला झाला तर औषध देता येत नाही, असं शोभा म्हणते.

डिंकाचे लाडू ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो.

हेमराज


चोपडा,
२९ जानेवारी १९९८

ती. मामांस,

आई लिहू नको म्हणत होती. मी लिहितो आहे.

मंगळवारी वरच्या पाड्यावरून येताना हर्षदा गाडीत मागे बेशुद्ध पडली. डॉक्टरसाहेबांना पेटी हवी होती म्हणून त्यांनी हाक मारली, उत्तर आलं नाही. गाडी थांबवून पडदा उघडला तर ती पेट्यांच्या मध्ये वाकडी पडलेली. चेहरा लाल. बाहेर जमिनीवर झोपवलं, बऱ्याच वेळाने डोळे उघडले. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं. दिवस गेलेले नाहीत. कधीच गेले नव्हते. बाईंनी दुसराच प्रश्न विचारला, कोणत्या गाडीतून फिरते आणि कुठे बसते.

दुसऱ्या दिवशी गाडी इथल्या मेकॅनिककडे नेली. तुम्ही चार पाइप जिथे एकात आणले तो जोड फुटका आहे आणि इंजिनाजवळची प्लेटही एका बाजूने बसलेली नाही. धूर गंजलेल्या पत्र्यातून मॅटखालून मागे येत होता. पुढे आमच्या काचा उघड्या असायच्या, आम्हाला काही झालं नाही. ती बंद पडद्यात रोज दोन-तीन तास तो धूर घेत होती.

मेकॅनिकने बॉनेट उघडून गाडी चालू केली आणि हसला. म्हणाला, "हा फसफस आवाज बहिऱ्यालाही कळेल. बसवणाऱ्याने एकदा तरी चालू करून बघितली होती का?"

मी गाडी घेऊन निघालो तेव्हा तुम्ही कान देऊन तपासलं असं म्हणाला होतात. मला तेव्हा काही कळत नव्हतं. तुम्हाला कळतं. गिऱ्हाइकाची गाडी असती तर असंच सोडलं असतं का?

गाडी उभी आहे. आरोग्य केंद्राने दुसरी गाडी बघायला सुरुवात केली आहे.

ललित


चोपडा,
१४ फेब्रुवारी १९९८

चि. हेमराज,

ललितच्या पत्राला तुझं उत्तर नाही. माझ्या कार्डालाही नाही. ललित म्हणतो, फुकटचं काम होतं म्हणून मामाने उरकलं. मी म्हटलं, हेमराज तसा नाही. पण मग कसा, ते मला सांगता आलं नाही.

हर्षदाला आता बरं आहे. गाडीत बसत नाही, त्यामुळे उलट्या थांबल्या. कामावर सायकलने जवळच्या गावांत जाते. घरात कोणाशी जास्त बोलत नाही. मी ज्या बायकांना सांगून बसले होते त्यांच्या दारावरून तीच रोज जाते. परवा एकीने तिला "कितवा महिना?" असं विचारलं. तिने घरी येऊन सांगितलं नाही, मला दुसरीकडून कळलं.

तू चुकला असशील तर चुकलो असं लिही. पण गप्प राहू नको.

सरलाताई


सुरत, पांडेसरा,
१९ फेब्रुवारी १९९८

ती. सरलाताई,

तुमची शोभा नमस्कार करते. हे पत्र ह्यांना न विचारता लिहिते आहे. माझं अक्षर वाईट आहे, समजून घ्या.

ह्यांना ऐकू येत नाही.

एकदम नाही असं नाही. मोठा आवाज येतो. ट्रक गेला तर कळतं, कोणी जोरात बोललं तर कळतं. पण बारीक आवाज काहीच येत नाही. शिट्टी नाही, कुकर नाही, चिमणी नाही. लग्नानंतर कापड विणायच्या लूमच्या खात्यात किती वर्षं काढली तुम्हाला माहीत आहे. तिथे बारा-बारा तास माणसं एकमेकांशी खुणांनी बोलायची. तेव्हापासून हळूहळू गेलं. म्हणून लूम सोडून गॅरेज धरलं. शेठला सांगितलं नाही. सायलेन्सरच्या कारागिराला ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण ठेवेल? माझ्याकडून शपथ घेतली होती.

गॅरेजात बरोबरचे कारागीर असतात. ह्यांनी काम केलं की गाडी चालू करून ऐकायचं काम त्यांच्यापैकी कोणीतरी आपसूक करतो, ह्यांनी कधी मागितलं नाही. दिवाळीत कोणी नव्हतं. ललित जवळ उभा होता, पण त्याला काय ऐकायचं ते माहीत नव्हतं, आणि ह्यांनी त्याला विचारलं नाही.

दुकानावरच्या फोनला मीच जायची, ते त्यामुळे.

ललितचं पत्र वाचून हे मोरीजवळ बसून राहिले. मी विचारलं, "काय व्हयनं?" तर कागद माझ्याकडे दिला आणि "बहिऱ्यालाही कळेल" त्या ओळीवर बोट ठेवलं. तेव्हापासून उत्तर लिहायला रोज बसतात आणि उठतात. आता सांगतात की पत्र नको, मीच जातो. शनिवारी पॅसेंजरने निघताहेत, हत्यारं घेऊन. अमळनेरला उतरून एस.टी.ने येतील. ललितला सांगा, बोलायचं ते समोर उभं राहून बोल, म्हणजे ओठ दिसतील.

मी सांगितलं असं म्हणू नका. किंवा म्हणा, आता काय.

शोभा


चोपडा,
३ मार्च १९९८

चि. सौ. शोभा,

तुझं पत्र हेमराज यायच्या आदल्या दिवशी मिळालं. मी ते ललितला वाचून दाखवलं. हर्षदा चुलीजवळ होती, तिनेही ऐकलं.

तो आला तेव्हा ललित अंगणात होता, गाडीकडे तोंड करून. हेमराजने पिशवी खाली ठेवली, मला नमस्कार केला आणि थेट त्याच्याकडे गेला. म्हणाला, "इकडे तोंड कर. जे लिहिलंस ते बोल." ललित म्हणाला, "आता काय बोलू?" हेमराज म्हणाला, "लिहिलंस ते खरं आहे. मी गाडी चालू केली. मला काही ऐकू आलं नाही, म्हणून काही नाही असं मी धरलं. तुला विचारायला पाहिजे होतं. लाज वाटली." ललितने गाडीचं बॉनेट उघडून दिलं.

दोन दिवस काम चाललं. इथल्याच गॅरेजात, तो हसणारा मेकॅनिक बघायला उभा. हेमराजने सगळं उतरवलं. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट किंचित वाकली होती, ती काचेवर ठेवून घासली, अगदी सपाट होईपर्यंत. जोड पुन्हा केला. मग पाइपचं टोक बंद करून आत हवा सोडली आणि सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. जिथून गळतं तिथे बुडबुडे येतात म्हणे. पहिल्या वेळी एका ठिकाणी आले. पुन्हा वेल्डिंग. दुसऱ्या वेळी आले नाहीत. मग गाडी चालू करून त्याने ललितला जवळ बोलावून विचारलं, "तुला ऐकू येतं का काही?" ललितने वाकून बराच वेळ ऐकलं आणि नाही म्हणून मान हलवली. त्या मेकॅनिकनेही ऐकलं. या वेळी हसला नाही. मग मागच्या तळाला नवीन पत्रा जोडला.

हर्षदाशी बोलायला त्याला धीर होत नव्हता. शेवटी जेवताना म्हणाला, "पडदे बांधून घे असं मीच लिहिलं होतं." ती वाढता वाढता थांबली. त्याच्या समोर बसली आणि सावकाश म्हणाली, "मामा, पडदे मी आधीपासून बांधत होते. पेट्यांवर धूळ बसते. ते तुमच्या अंगावर घेऊ नका." मग म्हणाली, "पण कान दाखवायला पाहिजे होते. रोज लोकांना दवाखान्यात या म्हणून सांगत हिंडते मी, आणि घरातलंच माणूस लपवून बसतं."

तो खाली मान घालून जेवला. खरं तर तिने हे मलाही ऐकवलं असं मला वाटलं, कारण तिचं मी कधी विचारलंच नाही. उगाच गावभर सांगितलं तेवढं.

आरोग्य केंद्राने गाडी पुन्हा भाड्याने घेतली. डॉक्टरसाहेबांनी स्वतः मागे बसून एक फेरी केली आणि मगच होकार दिला.

एस.टी. स्टँडवर हर्षदाच त्याला सोडायला गेली.

तुझी,
सरलाताई


सुरत,
१५ मार्च १९९८

चि. सौ. हर्षदा हिस,

मामाचा आशीर्वाद. सुनेला मी कधी पत्र लिहिलं नाही, चुकलं तर सांभाळून घे.

परत आल्यावर शेठना सांगितलं. ते पान खात होते. म्हणाले, "दोन वर्षं मी तुला ओरडून हाक मारतोय, तुला काय वाटलं, मला राग येतो?" त्यांना माहीत होतं. एवढंच म्हणाले की यापुढे माझी गाडी दुसऱ्याने ऐकल्याशिवाय गॅरेजबाहेर जाणार नाही. ज्या गाड्यांचं शेवटचं काम मी एकट्याने केलं होतं त्या मी परत बोलावल्या. कतारगामची पोरं कुरकुरत आली. एका गाडीत गळती निघाली. तिच्यात पडदे नव्हते म्हणून निभावलं.

सिव्हिलमध्ये कान दाखवले. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. गेलं ते परत येणार नाही म्हणाले, पण मशीन लावून बोलणं समजेल. ते मिळायला वेळ आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. स्टँडवर एस.टी. चालू झाली होती, मी खिडकीत होतो आणि तू खालून काहीतरी म्हणालीस. ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि तुझं तोंड मला नीट दिसलं नाही. मी हो म्हणालो. मला ऐकू आलं नव्हतं. मी असं पुष्कळदा करतो, लोक पुढे बोलत नाहीत आणि निभावतं. या वेळी गाडी अमळनेरला पोहोचेपर्यंत तुझा चेहरा डोळ्यांसमोर होता. तू काहीतरी मागितलंस असं वाटलं.

काय म्हणालीस ते लिही.

हेमराजमामा


चोपडा,
२४ मार्च १९९८

ती. मामांस नमस्कार.

पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं आणि ह्यांनाही दिलं.

मी म्हणाले होते की, सुरतेत बायकांची चांगली डॉक्टर असेल तर मला दाखवायचं आहे. चार वर्षं मी दुसऱ्यांचं तपासते, स्वतःचं नाही. इथे तालुक्यात सगळे मला सिस्टर म्हणतात, मी दारात उभी राहिले तरी गावभर होतं. दवाखान्यात त्या बाईंनी "नाही" म्हटलं तेव्हा मला कळलं की मला किती वाटत होतं. आता नुसतं वाटून घ्यायचं नाही, काय आहे ते बघायचं आहे. म्हणून विचारलं की तुमच्याकडे आठवडाभर राहायला येऊ का, आणि ह्यांनाही तपासायला घेऊन येऊ का.

तुम्ही हो म्हणालात. मी दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. रजा मंजूर झाली आहे. आत्यांना सांगितलं. त्या डबा कोणता द्यायचा ते विचारायला लागल्या. या वेळी शेजारी कोणाला बोललेल्या नाहीत.

हे तुम्हाला पत्र लिहिणार नाहीत, त्या पत्रानंतर त्यांना जमत नाही. पण बसने नको, गाडीनेच जाऊ म्हणतात. बोल्ट आवळायचे राहिलेत, ते मामाच आवळेल असं म्हणाले.

तर एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही साक्री, नवापूरवरून निघून दिवस मावळायच्या आत पांडेसऱ्याला पोहोचू. मामींना सांगा, माझ्यासाठी वेगळं काही करू नका. मी पुढे बसून येणार आहे.

तुमची,
हर्षदा